लस घेतली हे खरे, पण मोजायची कोणत्या दिवसापासून? पुण्यातील आरोग्य-डेटा विश्लेषकांसाठी कामाचा क्रम

लसीकरणाच्या परिणामांवरचे जे मसुदे माझ्याकडे वाचायला येतात, त्यांतील बहुतेकांमध्ये प्रतिमान बरोबर असते आणि उत्तर चुकलेले असते. विद्यार्थी फाईल हाती येताच ‘आर’ ही संख्याशास्त्रीय संगणक-प्रणाली उघडतो, ‘लस घेतली: हो / नाही’ असा एक रकाना तयार करतो, कॉक्सचे प्रतिमान (घटना घडेपर्यंतच्या काळाचे संख्याशास्त्रीय मॉडेल) चालवतो आणि तीन दिवसांत तक्ता घेऊन येतो. त्या ‘हो’चा अर्थ कोणत्या तारखेपासून लागतो, हा प्रश्न कोणी विचारला तर मग मागे जाऊन उत्तर शोधले जाते, आणि तोवर निकाल डोळ्यांसमोर असल्यामुळे सोयीचे उत्तर सापडते. पुढील टप्पे या क्रमाने पार पाडले, तर ही वेळ सहसा येत नाही. विद्यापीठात, वैद्यकीय महाविद्यालयाच्या जनऔषधवैद्यक विभागात किंवा एखाद्या संशोधन केंद्रात नव्याने रुजू झालेल्या विश्लेषकासाठी हे लिहिले आहे. संख्याशास्त्राची तोंडओळख आहे, असे गृहीत धरले आहे.

टप्पा १: फाईल उघडण्यापूर्वी प्रश्न एका पानावर लिहा

पानावर सहा गोष्टी असाव्यात: कोणाचा अभ्यास, कोणती लस व कितवी मात्रा, कोणता परिणाम, कोणत्या दिवसापासून, कोणत्या दिवसापर्यंत, आणि तुलना कोणाशी. ‘कोविड लसीची परिणामकारकता’ हा प्रश्न नव्हे, तो विषय झाला. ‘पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत राहणाऱ्या ६० वर्षांवरील व्यक्तींमध्ये, १ मार्च ते ३१ डिसेंबर २०२१ या काळात, कोव्हिशिल्डच्या दुसऱ्या मात्रेनंतर १४ दिवस पूर्ण झाल्यावर कोविडमुळे रुग्णालयात दाखल होण्याचा दर, त्याच आठवड्यात एकही मात्रा न घेतलेल्यांच्या तुलनेत किती कमी होता’ हा प्रश्न आहे.

या वाक्यातील ‘कोविडमुळे’ हा शब्द साधा नाही. महासाथीच्या काळात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी किंवा बाळंतपणासाठी आलेल्यांचीही दाखल होताना चाचणी होत असे, आणि ती सकारात्मक आली की नोंद कोविड रुग्ण म्हणून होत असे. असे रुग्ण ‘कोविडसह’ दाखल झालेले असतात. लस त्यांचा पाय मोडणे थांबवू शकत नाही, त्यामुळे ते परिणामात मिसळले की लसीचा आकडा खाली येतो. दाखल होण्याचे कारण, प्राणवायूची गरज किंवा श्वसनाची लक्षणे यांपैकी काय ग्राह्य धरणार, ते इथेच ठरवा.

बालकांच्या नियमित लसीकरणाचा अभ्यास असेल तर ‘वैध मात्रा’ म्हणजे काय, हेही याच पानावर येते. आपल्या वेळापत्रकात गोवर-रुबेलाची पहिली मात्रा ९ महिने पूर्ण झाल्यावर १२ महिन्यांपर्यंत, आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान आहे. पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच रोगांवरची संयुक्त लस, ६, १० आणि १४ आठवड्यांना दिली जाते व दोन मात्रांत किमान चार आठवडे लागतात. आठव्या महिन्यात दिलेली गोवराची मात्रा कार्डावर दिसते, म्हणून तुम्ही ती मोजणार का? दोन्ही उत्तरांचे समर्थन करता येते. निकाल पाहिल्यानंतर मात्र त्यांतले एकही उत्तर देऊ नये.

*तपासणी:* हे पान सहकाऱ्याला द्या आणि एका काल्पनिक व्यक्तीच्या तारखा सांगून ती कोणत्या गटात जाईल, ते विचारा. त्याचे उत्तर तुमच्यापेक्षा वेगळे आले, तर पान अपुरे आहे.

टप्पा २: परवानग्या आणि ओळख पुसणे

संस्थेच्या नीतिशास्त्र समितीची मंजुरी डेटा मिळण्यापूर्वी घ्यावी लागते. ‘ही दुय्यम माहिती आहे, मंजुरी कशाला’ हा समज चुकीचा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, ओळख पुसलेल्या नोंदींच्या अभ्यासासाठी संमतीची अट शिथिल करण्याची विनंती करता येते, पण ती मान्य करण्याचा अधिकार समितीचा असतो, संशोधकाचा नाही. महापालिका, जिल्हा परिषद आणि रुग्णालय यांच्याकडून स्वतंत्र लेखी पत्रे लागतात आणि त्यांत किती महिने जातील, याचा अंदाज मार्गदर्शकाला सुरुवातीलाच द्यावा.

डेटा देणाऱ्या कार्यालयाला विनंती करतानाच नाव, पूर्ण पत्ता आणि आधार क्रमांक वगळायला सांगा. वेगवेगळ्या याद्यांतील नोंदी जोडण्यासाठी नाव लागणारच असेल, तर ती जोडणी एकाच व्यक्तीने वेगळ्या संगणकावर करावी, प्रत्येकाला अभ्यास क्रमांक द्यावा आणि क्रमांक-नावाची किल्ली विश्लेषणाच्या फोल्डरमध्ये कधीही ठेवू नये.

*इशारा:* व्हॉट्सअॅपवर आलेली रुग्णांची यादी वापरू नका, ती कितीही ‘अधिकृत’ माणसाने पाठवलेली असो.

टप्पा ३: मूळ फाईल गोठवा, मग तारखा दुरुस्त करा

मूळ फाईल जशी आली तशी एका फोल्डरमध्ये ‘फक्त वाचनासाठी’ ठेवा. त्यानंतरचा प्रत्येक बदल कोडमधून व्हावा, हाताने नव्हे. एक्सेलमध्ये उघडून ‘जरा नीट करून’ जतन केलेली फाईल पुन्हा मूळ होत नाही. शिवाय एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळीच मावतात, त्यापुढच्या ओळी गळतात, आणि त्या वेळी येणारी सूचना घाईत बंद करणारे मी पाहिले आहेत.

आता तारखा. या कामात सर्वाधिक वेळ इथे जातो आणि जायलाच हवा.

आपल्याकडे तारीख दिवस-महिना-वर्ष अशी लिहितात, तर अनेक संगणकांची मांडणी महिना-दिवस-वर्ष अशी असते. अशा संगणकावर ०५/०६/२०२१ ही पाच जूनची नोंद निमूटपणे सहा मे होते. १७/०६/२०२१ मात्र बदलू शकत नाही, कारण सतरावा महिना नसतो, म्हणून ती नुसता मजकूर म्हणून राहते. पुढे कोणी ‘तारीख नसलेल्या’ ओळी काढून टाकल्या की बारा तारखेनंतरचे सगळे लाभार्थी गायब होतात आणि उरलेल्यांच्या तारखा उलट्या झालेल्या असतात. माझ्या सुरुवातीच्या एका कामात एका रुग्णालयाची यादी अशीच आली होती. दोन आठवडे मी त्यावर काम केले, आलेख काढले. त्या केंद्रावर लस फक्त महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतच दिली जाते असे दिसत होते, तरी मला त्यात काही खटकले नाही. उलट मी त्याचे कारण शोधले होते: साठा महिन्याच्या सुरुवातीला येत असणार!

म्हणून पहिली तपासणी साधी आहे. प्रत्येक तारखेच्या रकान्यातील ‘दिवस’ वेगळा काढून १ ते ३१ अशी वारंवारता मोजा. बारानंतर कडा तुटलेला दिसला, तर अदलाबदल झाली आहे. रकान्यात ४४२१२ सारखे पाच अंकी आकडे दिसले, तर ते एक्सेलचे दिवस-क्रमांक आहेत. ४४१९७ म्हणजे १ जानेवारी २०२१, आणि ४४२१२ म्हणजे १६ जानेवारी २०२१, ज्या दिवशी देशात कोविड लसीकरण सुरू झाले. ‘आर’मध्ये ते बदलताना आरंभदिन ३० डिसेंबर १८९९ द्यावा लागतो.

दुसरी तपासणी जन्मतारखेची. महाराष्ट्रातील प्रौढांच्या यादीत १ जून या दिवशी सुळका येतो. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीने लिहिलेली ती तारीख आहे. १ जानेवारीचा सुळका केवळ वर्ष माहीत असलेल्यांचा असतो. अशा व्यक्तींचे वय एक-दोन वर्षांनी इकडेतिकडे असू शकते, म्हणून ४५ किंवा ६० वर्षांच्या सीमेवर पात्रता ठरवणारा अभ्यास करू नका. केलाच, तर या तारखा वगळूनही एकदा निकाल काढा.

तिसरी तपासणी कागदी कार्डांची. माता-बाल संरक्षण कार्डावर देवनागरी आणि इंग्रजी अंक एकाच ओळीत येतात, आणि देवनागरी १ व ९ एकमेकांसारखे दिसतात. हडपसर भागातील एका वस्तीत कार्डे नोंदवताना हळदीचा डाग पडलेले एक कार्ड आमच्या हाती आले. गोवराच्या मात्रेपुढे ‘१/३’ होते की ‘९/३’, यावर आमच्या दोन नोंदणीकारांचे एकमत होईना. शेजारी बसलेल्या आशाताईंनी कार्ड उजेडाकडे धरले आणि म्हणाल्या, “अहो, हे एकच आहे. आमच्या सिस्टरबाई नऊला खाली लांब शेपूट काढतात.” त्या दिवसापासून आम्ही प्रत्येक केंद्रासाठी त्या सिस्टरच्या हस्ताक्षराचा नमुना आधी मागून घेऊ लागलो, आणि दहा टक्के कार्डे दोन वेगळ्या व्यक्तींकडून दोनदा भरून घेऊ लागलो.

*तपासणी:* जन्मापूर्वी दिलेली मात्रा, पहिलीच्या आधी दुसरी मात्रा, मृत्यूनंतरची मात्रा आणि लस उपलब्ध होण्यापूर्वीची मात्रा, या चार अशक्य गोष्टींची संख्या कामाच्या रोजनिशीत लिहा. शून्य येईल अशी अपेक्षा ठेवू नका. आली, तर कोणीतरी आधीच हात फिरवला आहे का, ते विचारा.

टप्पा ४: नोंदी जोडताना नावावर विसंबू नका

लसीकरणाची यादी एकीकडे, प्रयोगशाळेची दुसरीकडे आणि रुग्णालयाची तिसरीकडे असते. तिन्हींना जोडणारा समान क्रमांक क्वचितच मिळतो. इंग्रजी नावांसाठी बनवलेली ध्वनिसाम्याची सूत्रे मराठी नावांवर जशीच्या तशी चालत नाहीत, कारण एकच ‘वैष्णवी’ व्ही किंवा डब्ल्यू यांपैकी कशानेही सुरू होते आणि ‘ज्ञानेश्वर’ किमान चार प्रकारे लिहिला जातो. आधी नावे एका ठरावीक नियमाने सपाट करा. श्री, सौ., कुमारी, राव, बाई, ताई, भाऊ हे काढा, दीर्घ-ऱ्हस्व स्वर एक करा, आणि मगच जुळवा. लग्नानंतर बदललेले आडनाव व मधले नाव यांमुळे तरुण स्त्रियांच्या नोंदी अधिक सुटतात, आणि सुटलेली प्रत्येक लस ‘लस न घेतलेली’ ठरते, हे ध्यानात ठेवा.

मोबाईल क्रमांक हा व्यक्तीचा क्रमांक नव्हे. को-विन या कोविड लसीकरणाच्या सरकारी नोंदणी-यंत्रणेत आरंभी एका मोबाईलवर चार जणांची नोंदणी करता येत होती, जानेवारी २०२२ पासून सहांची. मुलाच्या फोनवर आई, वडील, आजी आणि घरकाम करणाऱ्या मावशी अशा चौघांच्या नोंदी सापडतात. त्याच यंत्रणेत दुसऱ्या मात्रेच्या वेळी वेगळे ओळखपत्र दाखवल्यामुळे काहींच्या नावावर दोन ‘पहिल्या’ मात्रा लागल्या. समान नाव, समान जन्मवर्ष, समान मोबाईल, समान लस आणि मध्ये योग्य अंतर असेल, तर त्या एकाच व्यक्तीच्या दोन मात्रा असण्याची शक्यता मोठी आहे.

नवजात बालकांची अडचण निराळी. जन्माच्या वेळी दिलेली बीसीजी, पोलिओची शून्य मात्रा व हिपॅटायटिस-बी यांची नोंद ‘बेबी ऑफ अमुक’ अशी आईच्या नावाने होते आणि बारशानंतर पुढच्या मात्रा बाळाच्या नावाने पडतात. त्यातच पहिले बाळंतपण माहेरी! जन्माच्या मात्रा सोलापूर किंवा लातूरच्या रुग्णालयात आणि दीड महिन्याची मात्रा येरवड्यात, अशी स्थिती असेल तर पुण्याच्या यादीत ते बाळ ‘जन्ममात्रा चुकलेले’ दिसते. आईचे नाव, बाळाची जन्मतारीख आणि लिंग यांवर जुळणी केली की यातले बरेच सापडतात. जुळ्यांसाठी मात्र नोंद हातानेच पाहावी लागते.

*तपासणी:* जुळलेल्या नोंदींतून शंभर आणि न जुळलेल्यांतून शंभर यादृच्छिक पद्धतीने निवडून डोळ्यांनी पाहा. चुकीची जुळणी आणि सुटलेली जुळणी यांची टक्केवारी अहवालात द्या.

टप्पा ५: छेद कुठून आणला, ते सांगा

अंश, म्हणजे रुग्णांची संख्या, रुग्णालयातून येतो; छेद, म्हणजे ज्या लोकसंख्येतून ते आले तिची संख्या, मात्र कोणीच देत नाही. शेवटची पूर्ण जनगणना २०११ ची आहे आणि तेव्हा पुणे जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ९४ लाख होती. त्यानंतर महापालिकेची हद्द २०१७ मध्ये ११ गावांनी आणि २०२१ मध्ये २३ गावांनी वाढली. वाघोली २०२१ च्या मध्यापर्यंत ग्रामीण यादीत होती, नंतर शहरात आली. म्हणून २०१९ चे ‘पुणे शहर’ आणि २०२२ चे ‘पुणे शहर’ यांची तुलना नकाशा समोर ठेवल्याशिवाय करू नका. पिंपरी-चिंचवड ही वेगळी महापालिका आहे, पुणे, खडकी आणि देहूरोड ही छावणी मंडळे वेगळी आहेत, आणि हिंजवडीत राहणारा संगणक अभियंता पत्त्यात ‘पुणे’ लिहितो, पण त्याचे गाव मुळशी तालुक्यात, म्हणजे जिल्हा परिषदेकडे येते.

लस कुठे घेतली आणि माणूस राहतो कुठे, या दोन बाबीही वेगळ्या आहेत. मे २०२१ मध्ये १८ वर्षांवरील सर्वांसाठी लसीकरण खुले झाले, तेव्हा शहरातील वेळा मिळेनात म्हणून अनेक पुणेकरांनी ग्रामीण केंद्रांवरील वेळा घेतल्या. केंद्राच्या पत्त्याने टक्केवारी काढली, तर काही गावांत शंभराहून अधिक टक्के लसीकरण दिसते आणि शहर मागे पडलेले वाटते. बालकांच्या बाबतीत ऊसतोड आणि वीटभट्टी कामगारांची कुटुंबे दिवाळीनंतर येतात व उन्हाळ्यात जातात. ती आशाताईंच्या सर्वेक्षणात सापडली तर छेदात येतात, एरवी ती नसतातच.

*इशारा:* लसीकरणाची व्याप्ती १०० टक्क्यांवर गेली की ती १०० वर कापू नका. ती आकडेवारीतील चूक दाखवणारी एकमेव खूण असते.

टप्पा ६: प्रत्येक व्यक्तीचे दिवस वाटून घ्या

या लेखाच्या शीर्षकातील प्रश्न इथला आहे, म्हणून इथे थोडे थांबू.

समजा, एका ६३ वर्षांच्या गृहस्थांचा अभ्यासातील पहिला दिवस १ मार्च २०२१. पहिली मात्रा १० एप्रिलला, दुसरी ५ जुलैला, आणि १२ जुलैला ते कोविडमुळे दाखल झाले. नवखा विश्लेषक लिहितो: ‘लस: हो. परिणाम: हो.’ आणि त्यांचे सगळे दिवस लस घेतलेल्यांच्या खात्यात टाकतो. प्रत्यक्षात १ मार्च ते १० एप्रिल हे ४० दिवस लस न घेतलेल्याचे आहेत. पुढचे १४ दिवस, २४ एप्रिलपर्यंत, शरीराची प्रतिक्रिया तयार होण्याचे म्हणून वेगळे. त्यानंतर ५ जुलैपर्यंतचे ७२ दिवस एका मात्रेचे. दुसऱ्या मात्रेनंतर १४ दिवस १९ जुलैला पूर्ण होणार होते, पण ते १२ जुलैलाच दाखल झाले, म्हणून हा प्रसंग ‘दोन मात्रा’ या गटात मोजायचा नाही. तो ‘दुसऱ्या मात्रेनंतरचे पहिले १४ दिवस’ या खात्यात जातो. एकाच माणसाचे चार तुकडे झाले, आणि दोन मात्रांच्या गटात त्याचा एकही दिवस नाही.

असे का करायचे? कारण दुसरी मात्रा घेण्यासाठी माणसाला त्या दिवसापर्यंत जिवंत आणि धडधाकट राहावे लागते. मार्च ते जुलै हा सगळा काळ लस घेतलेल्यांना बहाल केला, तर त्या काळात त्यांच्यापैकी कोणी मरण पावणे शक्यच नसते. मरण पावलेला माणूस दुसरी मात्रा घ्यायला येत नाही आणि आपोआप दुसऱ्या गटात जमा होतो. याला ‘इम्मॉर्टल टाइम बायस’ म्हणतात, आणि त्याने अगदी निष्प्रभ लसही प्रभावी दिसू शकते. ‘आर’मध्ये प्रत्येक व्यक्तीच्या ओळीचे आरंभ-दिनांक, अंत-दिनांक आणि त्या तुकड्यातील स्थिती असे भाग पाडून काळानुसार बदलणारा घटक म्हणून लस घालावी.

दुसरे बंधन दिनदर्शिकेचे. २०२१ मध्ये पात्रता वयानुसार खुली झाली: १ मार्चला ६० वर्षांवरील सर्व आणि ४५ वर्षांवरील सहव्याधी असलेले, १ एप्रिलला ४५ वर्षांवरील सर्व, १ मेला १८ वर्षांवरील. याच एप्रिलमध्ये पुण्यात दुसरी लाट जोरात होती आणि ऑगस्टपर्यंत ती ओसरली. म्हणून लस न घेतलेल्यांचे दिवस मुख्यत्वे लाटेत पडतात व दोन मात्रा घेतलेल्यांचे ओसरल्यावर. तुलना त्याच आठवड्यातील लोकांशी केली नाही, तर लाट ओसरण्याचे श्रेय लसीला जाते. कॉक्सच्या प्रतिमानात काळाचा अक्ष ‘अभ्यासात आल्यापासूनचे दिवस’ न ठेवता दिनदर्शिकेतील तारीख ठेवणे, हा त्यावरचा सरळ उपाय आहे. कोव्हिशिल्डच्या दोन मात्रांतील अंतर सुरुवातीला ४ ते ६ आठवडे होते, मार्चमध्ये ते ८ आठवड्यांपर्यंत वाढले आणि मे २०२१ च्या मध्यापासून १२ ते १६ आठवडे झाले. त्यामुळे ‘अंतर जास्त तर संरक्षण जास्त’ असा निष्कर्ष काढण्यापूर्वी, जास्त अंतरवाले लोक कोणत्या महिन्यांत होते, ते आधी पाहा.

*तपासणी:* पाच व्यक्ती निवडा, त्यांचे तुकडे कागदावर हाताने मांडा आणि कोडच्या उत्तराशी ताडून पाहा. बेरीज एका दिवसानेही चुकली, तर पुढे जाऊ नका.

टप्पा ७: तुलनेची पद्धत निवडा

परिणामकारकता म्हणजे १ वजा जोखमींचे गुणोत्तर, गुणिले १००. समजा १०,००० लोकांपैकी ९,५०० जणांनी लस घेतली आणि त्यांतील ३८ दाखल झाले. उरलेल्या ५०० पैकी १० दाखल झाले. जोखीम अनुक्रमे ०.४ आणि २ टक्के, गुणोत्तर ०.२, परिणामकारकता ८० टक्के. तरीही वॉर्डातील ४८ पैकी ३८ रुग्ण, म्हणजे ७९ टक्के, लस घेतलेलेच असतील! फक्त रुग्णांची यादी आणि वस्तीतील व्याप्ती एवढेच हाती असेल, तर पडताळणी-पद्धत वापरता येते. रुग्णांतील लसवंत व लसरहितांचे गुणोत्तर ३८:१०, म्हणजे ३.८. लोकसंख्येतील ९५:५, म्हणजे १९. भागाकार ०.२, उत्तर तेच. मात्र व्याप्तीचा आकडा ९५ ऐवजी ९० निघाला, तर उत्तर ८० वरून सुमारे ५८ वर येते. म्हणून टप्पा ५ चा कंटाळा करू नये.

दवाखान्यात तपासणीला येणारा आणि न येणारा यांच्यातील फरक त्रासदायक ठरत असेल, तर चाचणी-नकारात्मक आराखडा घ्या. सारख्याच लक्षणांसाठी आलेल्यांपैकी चाचणी सकारात्मक ते रुग्ण, नकारात्मक ते तुलनेचे. यात प्रवासासाठी, शस्त्रक्रियेपूर्वी किंवा कार्यालयात परतण्यासाठी चाचणी केलेले मिसळू नयेत. केवळ जलद अँटिजेन चाचणी नकारात्मक आली म्हणून कोणाला निश्चित नकारात्मक मानू नये.

अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना केंद्रावर नेले जात नाही, आणि तेच लवकर मरण पावतात, हे कोणत्याही पद्धतीत लपून राहते. त्यासाठी एक नियंत्रण-परिणाम ठेवा. ज्यावर लसीचा काहीच प्रभाव पडू नये असे काही, उदाहरणार्थ अपघातातील अस्थिभंग. तिथेही लस ४० टक्के ‘परिणामकारक’ निघाली, तर तुमचे दोन गट मुळातच वेगळे आहेत.

टप्पा ८: प्रतिकूल घटनांचा हिशेब वेगळा ठेवा

लसीकरणानंतर घडलेली कोणतीही अनिष्ट वैद्यकीय घटना एईएफआय म्हणून नोंदवली जाते, आणि या व्याख्येत कार्यकारणसंबंध गृहीत नसतो. कारणमीमांसा समिती करते: लसीकरणाशी सुसंगत, अनिश्चित, योगायोगाची आणि वर्गीकरण न होण्याजोगी. विश्लेषकाने स्वतः वर्ग देऊ नये, समितीने दिलेला वर्ग मात्र प्रत्येक तक्त्यात दाखवावा. ही नोंद ऐच्छिक व अपुरी असते, त्यामुळे दोन जिल्ह्यांच्या दरांतील फरक बहुधा नोंदवणाऱ्यांच्या तत्परतेतील फरक असतो.

पाया-दर काढल्याशिवाय एकही वाक्य लिहू नका. समजा, एखाद्या वयोगटात हृदयविकाराच्या झटक्याचा दर वर्षाला हजारी एक आहे. दहा लाख लोकांना लस दिली, तर लसीचा काहीही संबंध नसताना पुढील ४२ दिवसांत सुमारे ११५ झटके येणारच. निरीक्षित संख्या या ११५ शी ताडायची असते, शून्याशी नव्हे.

दुर्मीळ घटनांसाठी स्वनियंत्रित रुग्णमालिका उपयोगी पडते, कारण त्यात प्रत्येक रुग्णाची तुलना त्याच्याच इतर काळाशी होते आणि वय-घर-उत्पन्न यांचे प्रश्न बाजूला पडतात. पण आजारी पडलेला माणूस लस पुढे ढकलतो, म्हणून मात्रेच्या आधीचे दोन-चार आठवडे वेगळे काढावे लागतात. मृत्यू हा परिणाम असेल, तर या पद्धतीचे साधे रूप चालत नाही.

*इशारा:* जोखमीचा काळ ७, २१ की ४२ दिवस, हे टप्पा १ च्या पानावर नसेल, तर तिन्ही निकाल छापा.

टप्पा ९: निकाल लिहिण्यापूर्वीच्या शेवटच्या तपासण्या

प्रवाह-आकृतीत मिळालेल्या नोंदी, वगळलेल्या नोंदी आणि वगळण्याचे कारण द्या. ९५ टक्के विश्वासांतराशिवाय एकही परिणामकारकता देऊ नका. ‘७२ टक्के (विश्वासांतर −५ ते ९३)’ या निकालाचा अर्थ अजून काही सांगता येत नाही असा आहे, आणि तो तसाच लिहावा. अभ्यासाच्या शेवटच्या दोन आठवड्यांच्या नोंदी बहुधा अपुऱ्या असतात, म्हणून ते आठवडे काढूनही एकदा मोजा. गोवराच्या एका मात्रेची परिणामकारकता ९ महिन्यांना दिल्यास सुमारे ८५ टक्के मानली जाते. तुमचे उत्तर ३० आले, तर शीतसाखळीवर (लस थंड ठेवण्याच्या व्यवस्थेवर) आरोप करण्यापूर्वी टप्पा ३ आणि ४ कडे परत जा. दहापैकी नऊ वेळा दोष तिथेच सापडतो, निदान माझ्या अनुभवात तरी.

तक्त्यात पाचपेक्षा लहान संख्या छापू नका. मुळशीतील लहान गावात ‘७० वर्षांवरील, मधुमेही, मृत: १’ एवढे लिहिले की गावाला नाव कळते.

कोड, रोजनिशी आणि टप्पा १ चे पान एकत्र जतन करा, दुसऱ्या संगणकावर कोड मुळापासून चालवा आणि तेच आकडे येतात ना, ते पाहा. नीतिशास्त्र समितीने दिलेल्या मुदतीनंतर क्रमांक-नावाची किल्ली नष्ट करा आणि नष्ट केल्याची तारीख व साक्षीदाराची सही त्याच रोजनिशीत घ्या.